जिझियाविषयीचे फारसी पत्र आणि धर्मनिरपेक्ष राज्याची चर्चा

औरंगजेब बादशहाने आपल्या हिंदू प्रजेवर जिझिया कर पुन्हा बसविला तो इ. स. १६७९ च्या एप्रिल महिन्यात. अबुल फजलाच्या वृत्तान्ताप्रमाणे अकबराने हा कर इ. स. १५६४ मध्ये उठविला होता. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी तो पुन्हा अमलात आला. ह्या कराचा निषेध करणारे एक विस्तृत फारसी पत्र उपलब्ध असून ते शिवाजीमहाराजांनी बादशहास पाठविले असे आज सामान्यतः मानितात. अलीकडील सार्वजनिक वादांत ह्या पत्राइतके राबविले गेलेले दुसरे ऐतिहासिक पत्र क्वचितच सापडेल. राज्य धर्मनिरपेक्ष असावे असे म्हणणारे वक्ते हे पत्र आपली सनद म्हणून पुढे करितात. ज्यांस ती कल्पनाच रुचत नाही ते पत्र बनावट ठरवितात, किंवा हा केवळ दरबारी मुत्सद्दीपणा आहे असे म्हणून झटकून टाकितात. पत्राच्या नकला कोणत्या, त्यांचे सरनामे काय सांगतात आणि पत्रात प्रत्यक्ष मागणी कोणती आहे, हे पाहण्याचे श्रम दोन्ही पक्ष बहुधा घेत नाहीत. ते काम आमच्यासारख्या जुन्या कागदांच्या सोबत्यांनी केले पाहिजे, म्हणून हे परीक्षण.

प्रथम कागदासंबंधी. आज आपल्यापुढे जे आहे ते मोर्तबाचे असल पत्र नव्हे, नकला आहेत. आणि त्या नकला लेखकाच्या नावाविषयी एकमेकींशी जुळत नाहीत. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीतील प्रत हे पत्र शिवाजीमहाराजांचे म्हणते, तर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतील प्रतीत संभाजीमहाराजांचे नाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑर्म ह्या इंग्रज इतिहासकाराने ह्या पत्राचे भाषांतर युरोपीय वाचकांपुढे आणिले, तेव्हा ते जोधपूरच्या जसवंतसिंगाचे म्हणून आणिले. पुढे इ. स. १८२९ मध्ये टॉडने ऑर्मची चूक दाखवून, उदेपुरास आपल्या मुनशीस मिळालेल्या प्रतीच्या आधारे, ते मेवाडच्या राणा राजसिंगाचे ठरविले. शेवटी सर जदुनाथ सरकार ह्यांनी औरंगजेबाच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात ह्या सर्व दाव्यांची तपासणी करून निकाल शिवाजीमहाराजांच्या बाजूने दिला, आणि पत्राचा मसुदा महाराजांचे पारसनीस नीळ प्रभू ह्यांचा असल्याचे सांगितले.

एका पत्रास चार धनी कसे झाले ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. फारसी पत्रे बहुधा दोन वाटांनी टिकतात. एक, ज्याला पत्र आले त्याच्या दप्तरात. दुसरी, मुनशी लोकांच्या इन्शासंग्रहांत. इन्शा म्हणजे पत्रलेखनाचे वळण गिरविण्यासाठी केलेले नमुन्यांचे बाड. तेथे पत्र ठेवावयाचे ते त्याच्या भाषेसाठी, त्यातील राजकारणासाठी नव्हे. असल्या बाडात सरनामा हा मजकुरापेक्षा पुष्कळच सैल असतो. उतरवून घेणारा अल्काब गाळतो, तारीख सोडतो, आणि कोणी कोणास लिहिले हे ऐकीव माहितीवरून वर टिपून ठेवितो. ज्यांनी असले संग्रह हाताळले आहेत त्यांस हे सांगावयास नको. म्हणून अशा पत्राच्या बाबतीत सरनाम्याची साक्ष दुय्यम आणि मजकुराची साक्ष मुख्य मानिली पाहिजे. सरनामे चार असले तरी मजकूर एकच आहे, आणि त्यास बोलते करिता येते.

तो असा बोलतो. जसवंतसिंग इ. स. १६७८ च्या डिसेंबरात जमरूद येथे वारला. जिझियाचा हुकूम त्यानंतरच्या एप्रिलातला. मेलेल्या मनुष्याने पुढे निघावयाच्या हुकुमाचा निषेध केला असे ज्यास मानावयाचे असेल त्याने मानावे. राजसिंगाचा दावा ह्याहून बळकट दिसतो, पण तोही टिकत नाही. आपण दुर्दैवाने बादशहाचा निरोप न घेता हुजुरातून निघून आलो, असे पत्रलेखक आरंभीच म्हणतो. इ. स. १६१५ मध्ये जहांगीर व राणा अमरसिंग ह्यांच्यामध्ये जो तह झाला त्यात राण्याने जातीने दरबारी हजर राहू नये ही सवलत होती. जो दरबारास गेलाच नाही तो निरोपावाचून परत कसा येणार? उलट, इ. स. १६६६ च्या मे महिन्यात आग्र्याच्या दरबारी हजर होऊन ऑगस्टात निरोपावाचून निघून आलेला पुरुष कोण, हे मराठी वाचकास विचारण्याची गरज नाही. दुसरे असे की, माझ्याशी चाललेल्या युद्धाने खजिना रिता झाला म्हणून हा कर बसविल्याचे ऐकितो, असे लेखक म्हणतो. जिझियाचा हुकूम निघाला तेव्हा मेवाडशी युद्ध सुरू झालेलेच नव्हते. ते त्या वर्षाच्या उत्तरार्धातले. दक्षिणेतले युद्ध मात्र कितीएक वर्षांचे होते.

राहिले संभाजीमहाराज. ते इ. स. १६७८ च्या डिसेंबरात दिलेरखानास जाऊन मिळाले व पुढील वर्षाच्या अखेरीस तेथून निघून आले, एवढ्यावरून कोणी हे पत्र त्यांच्या पदरी घालू पाहील. पण दिलेरखानाची छावणी म्हणजे बादशहाची हुजुरात नव्हे. आणि आग्र्यास ते गेले तेव्हा नऊ वर्षांचे होते. ह्या काळातले त्यांचे युद्ध म्हणावे तर तेही त्यांचे स्वतःचे नव्हते. आमची समजूत अशी की, कलकत्त्याच्या प्रतीचा लेखक महाराजांच्या निधनानंतरच्या काळातला असावा, आणि त्याच्या कानी दक्षिणेच्या राजाचे जे नाव पडत होते तेच त्याने वर घातले. हा केवळ तर्क आहे, ह्याहून अधिक वजन त्यावर घालू नये.

एका अक्षराचा मासला येथे नमूद करण्याजोगा आहे. हिंदूंचा जो मुख्य त्याच्याकडून जिझिया आधी घ्यावा, मग माझ्याकडून घेणे कठीण पडणार नाही, असे आव्हान पत्रात आहे. हा मुख्य कोण? ऑर्मच्या भाषांतरात तो ‘रामसिंग’ आहे, जदुनाथांच्या पाठात ‘राणा राजसिंग’ आहे. फारसी लिपीत राम व राज ह्यांत शेवटच्या एका अक्षराचाच भेद. मीम आणि जीम ही दोन अक्षरे अलिफानंतर सुटीच लिहावी लागतात, दोहोंचे शेपूट खाली उतरते, आणि शिकस्ता वळणात नुक्ता गाळण्याची खोड तर सर्वश्रुत आहे. नुक्ता राहिला तर मेवाडचा राणा, गेला तर अंबेरचा कछवाहा! ‘रामसिंग’ हा पाठ धरिला तरच पत्र राजसिंगाचे असू शकते, कारण आपल्यास वगळून दुसऱ्याकडे बोट दाखविणे शक्य होते. ‘राजसिंग’ धरिला तर तो दावा तेथेच संपतो. मिर्झाराजे जयसिंगाचा पुत्र रामसिंग हा बादशाही चाकरीतला मनसबदार. त्यास समस्त हिंदूंचा मुख्य कोण म्हणेल? उदेपूरच्या गादीस ‘हिंदुआ सूरज’ म्हणण्याची वहिवाट होती. तेव्हा अर्थाच्या दृष्टीने ‘राजसिंग’ हाच पाठ ग्राह्य दिसतो. उदेपुरास मिळालेल्या प्रतीत ह्या ठिकाणी काय होते, हे टॉडने छापिले असते तर बरे झाले असते.

एक आक्षेप असा घेतात की, इ. स. १६७४ मध्ये छत्र धारण केलेला राजा पाच वर्षांनी स्वतःस बादशहाचा ‘हितचिंतक’ म्हणवून सेवेची भाषा कशी करील? हा आक्षेप फारसी पत्रव्यवहाराशी परिचय नसल्याचे लक्षण आहे. मायन्यातील नम्रता हा त्या भाषेचा पोशाख आहे. त्यावरून आतल्या मनुष्याची उंची मोजू नये. ह्याच पत्राच्या शेवटी मुंग्यांना आणि माश्यांना छळण्यात कसला पराक्रम, असा टोला बादशहास दिलेला आहे. मायना वाचून ज्यांनी पत्र बनावट ठरविले त्यांनी शेवटपर्यंत वाचले नसावे.

आता मजकुराकडे वळू. खरा वाद येथे आहे, आणि आमच्या मते सर्वात अधिक अन्याय ह्या भागाचाच झाला आहे. मुख्यतः पत्राची स्तुती करणारांकडून.

पत्रातील युक्तिवादाचा पहिला आधार बादशहाचा स्वतःचा धर्मग्रंथ आहे. कुराणात ईश्वरास साऱ्या विश्वाचा पालनकर्ता म्हटले आहे, केवळ मुसलमानांचा नव्हे, हे सांगून लेखक पुढे म्हणतो की मशिदीतली बांग काय आणि देवळातली घंटा काय, दोन्हींत आठवण एकाचीच. दुसरा आधार घराण्याच्या वहिवाटीचा आहे: अकबर, जहांगीर, शहाजहान ह्या तिघांच्या कारकीर्दींची वर्षे मोजून दाखवून, त्यांच्या अंगी हा कर बसविण्याचे सामर्थ्य असताही त्यांनी तो बसविला नाही, हे लेखक ठासून मांडतो. तिसरा आधार प्रजेच्या दैन्याचा. शेतकरी नागवला आहे, फौज अस्वस्थ आहे, व्यापारी कुरकुरतात, मुसलमानही रडतात, रात्रीच्या भाकरीची भ्रांत आहे. अशा वेळी जोगी, संन्यासी, बैरागी, जैन यती आणि भिकारी ह्यांच्या झोळीत हात घालणे राजास शोभत नाही, असा त्याचा आशय आहे. चौथा भाग आव्हानाचा, तो वर आलाच आहे.

तिसऱ्या भागाविषयी टीकाकाराने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हनफी शास्त्राप्रमाणे जिझियाचे दर वर्षास १२, २४ व ४८ दिरहम असे ऐपतीवर ठरत. बायका, मुले, गुलाम, निर्धन आणि ज्यांस मिळकत नाही असे विरक्त ह्यांस तो माफ होता. तेव्हा भिकाऱ्याच्या झोळीचा आरोप कायद्यावर बसत नाही. तो वसुलीच्या जुलमावर असेल किंवा वक्तृत्वाच्या भरातला असेल. वकिलाने बाजू मांडताना सूर चढवावा हे स्वाभाविक आहे, परंतु इतिहासकाराने तोच पुरावा म्हणून पुढे करणे बरे नव्हे. शिवाय ऐपतीवर बसविलेल्या ह्या कराची खालची पायरी गरिबास वरच्या पायरीहून जड होती, हा मुद्दा अतिशयोक्तीवाचूनही उभा राहतो.

स्तुतिपाठक चुकतात ते पहिल्या दोन भागांत. पत्रात अकबराच्या धोरणास ‘सुल्ह-इ-कुल’ म्हटले आहे. ह्या शब्दाचे भाषांतर व्यासपीठावर सर्रास ‘धर्मनिरपेक्षता’ असे होते, आणि लगेच सतराव्या शतकात आमच्याकडे धर्मनिरपेक्ष राज्य होते असा सिद्धान्त निघतो. हे भाषांतर नव्हे, प्रक्षेप आहे. सुल्ह-इ-कुल म्हणजे सर्वांशी सलोखा. ते राजाचे धोरण आहे, आणि धोरण राजाबरोबर बदलते. ते बदलले म्हणूनच तर हे पत्र लिहावे लागले! पत्रलेखक बादशहास धर्म बाजूस ठेव असे कोठेही म्हणत नाही. उलट, तुझाच धर्म नीट वाच, असे तो सांगतो. ज्या राज्यात धर्माचा आधार सांगून कर बसतो, तेथे धर्माचाच आधार सांगून तो उठविण्याची मागणी करणे हा उत्तम युक्तिवाद आहे. पण तो धर्मनिरपेक्ष राज्याचा युक्तिवाद नव्हे.

भारताच्या राज्यघटनेतील भूमिका निराळ्या पायावर उभी आहे. १५ व्या अनुच्छेदाने धर्माच्या कारणावरून राज्याने भेद करू नये असे ठरविले, २५ व्याने प्रत्येक व्यक्तीस सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले, आणि २७ व्याने विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी वा पोषणासाठी खर्चावयाचा कर कोणावर लादता येणार नाही असे सांगितले. जिझियाच्या संदर्भात वक्ते नेहमी २७ वा अनुच्छेद आठवितात, पण तो नेमका जागेवर बसत नाही. जिझियाचा दोष त्याचे उत्पन्न कोठे खर्च होते हा नव्हता. तो कोणाकडून व कोणत्या कारणाने घेतला जातो हा होता. म्हणून त्याचे उत्तर २७ व्यापेक्षा १५ व्या अनुच्छेदात आहे. येथे हक्क नागरिकाचा आहे. राजाच्या औदार्यावर तो अवलंबून नाही, आणि तो मागताना कोणाच्याही धर्मग्रंथाचा दाखला द्यावा लागत नाही. पत्र आणि घटना ह्यांच्यामधले अंतर ते एवढे आहे. ते बुजविल्याने पत्राची थोरवी वाढत नाही, घटनेचे मर्म मात्र झाकते.

शब्दाचाही गोंधळ थोडा नाही. इ. स. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घटनेच्या उद्देशिकेत जो शब्द आला, त्यास अधिकृत हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ व मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणतात. एकाच संहितेची ही दोन भाषांतरे एका अर्थाची नाहीत, आणि निम्मे वाद ह्या दोहोंच्या मधल्या फटीत चालतात. जुन्या दानपत्रांचा अभ्यास करणारांस आणखी एक गंमत घटनेतच सापडेल. त्रावणकोर संस्थानाच्या विलीनीकरणाच्या वेळची बांधिलकी म्हणून इ. स. १९५६ मध्ये घातलेल्या २९०-अ ह्या अनुच्छेदाने केरळच्या तिजोरीतून त्रावणकोर देवस्वम् निधीस दरसाल ४६,५०,००० रुपये आणि तमिळनाडूच्या तिजोरीतून तेथील देवस्वम् निधीस १३,५०,००० रुपये द्यावयाचे ठरले. हे पूर्वीच्या राजांचे दान पुढे चालविणेच झाले; फक्त सनदेचा कागद बदलला. ह्यावरून घटना धर्मनिरपेक्ष नाही असे जसे ठरत नाही, तसे जुन्या राजाने दर्ग्यास वा देवळास इनाम चालविले एवढ्यावरून त्याचे राज्य धर्मनिरपेक्ष होते असेही ठरत नाही.

पत्रात जे खरोखर अपूर्व आहे ते मात्र व्यासपीठावर गाळले जाते. अकबराने ज्यांस अभय दिले त्यांची यादी लेखक देतो. तीत ख्रिस्ती आहेत, यहुदी आहेत, मुसलमान आहेत, दादूचे अनुयायी आहेत, ब्राह्मण व जैन यती आहेत, आकाशाचे पूजक आहेत, आणि ‘दहरिया’ म्हणजे ईश्वर न मानणारेही आहेत. हिंदू आणि मुसलमान ह्या दोन खान्यांत सारा समाज बसवून बोलण्याची आमची जी सवय झाली आहे, तिला ही यादी मुळीच मानवत नाही. दादूपंथी हिंदू की मुसलमान, हा प्रश्न लेखकास पडत नाही. तो त्यांस स्वतंत्र मोजतो. आणि ईश्वर एकच असा युक्तिवाद करणारे पत्र निरीश्वरवाद्यासही राजाच्या संरक्षणात बसविते! राजाच्या धोरणाची परीक्षा किती प्रकारच्या लोकांस त्याखाली राहता आले ह्यावरून करावी, ही दृष्टी येथे आहे. बहुविध धर्मांच्या सहवासाचा पुरावा ज्यांस हवा असेल त्यांनी सुल्ह-इ-कुल ह्या शब्दाशी ओढाताण करण्यापेक्षा ही यादी नीट वाचावी.

पत्र दरबारी होते म्हणून त्यातील मते खोटी, हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दा. पत्रावरून अंतःकरण ओळखता येत नाही हे मान्य. पण आचरणाची साक्ष स्वतंत्र आहे. राजारामाच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद हा देवस्थानांबरोबर पीर व मशिदी ह्यांची दिवाबत्ती महाराजांनी स्थान पाहून चालविल्याचे नोंदवितो. तो घरचा साक्षीदार म्हणून कोणी नाकारील, तर खाफीखान घ्यावा. महाराजांस शिव्या दिल्यावाचून ज्याची लेखणी पुढे सरकत नाही, तोही मशीद, कुराण आणि स्त्रिया ह्यांस उपद्रव देऊ नये असा त्यांचा नियम होता हे लिहून ठेवितो. शत्रूच्या लेखणीतून आलेल्या प्रशस्तीचे मोल आमच्या वर्गास कळते.

एक कागद हाती धरून संपूर्ण राज्याचे रूप ठरविण्याचा दोष काही एकाच पक्षाचा नाही. बनारसच्या जुन्या देवळांस हात लावू नये व तेथील ब्राह्मणांस त्रास देऊ नये, असे औरंगजेबाचे इ. स. १६५९ चे फर्मान आहे. ते दाखवून तो सहिष्णु होता असे कित्येक सांगतात. त्याच फर्मानात नवी देवळे होऊ देऊ नयेत असे आहे, आणि दहा वर्षांनी, इ. स. १६६९ च्या एप्रिलात, देवळे व पाठशाळा पाडण्याचा हुकूम निघाल्याचे ‘मआसिर-इ-आलमगिरी’ ह्या त्याच्याच बाजूच्या इतिहासात नमूद आहे; काशीविश्वेश्वराचे देऊळ त्याच वर्षी पडले. १६५९ चा कागद खोटा नाही, आणि १६६९ चाही नाही. दोन्ही वाचावे लागतात.

आता संग्राहकांस एक विनंती. ह्या पत्राच्या नकला खाजगी संग्रहांतील इन्शांच्या बाडांत आणखी असण्याचा पुष्कळ संभव आहे. ज्यांच्या जवळ अशी बाडे असतील त्यांनी केवळ मजकूर उतरवून पाठवू नये. सरनामा मजकुराच्याच शाईत व हातात आहे की मागाहून घातलेला आहे. आधीचे व नंतरचे पत्र कोणाचे आहे. बाडाच्या शेवटी नक्कल केल्याची हिजरी तारीख आहे काय. आणि ‘राम’ की ‘राज’ ह्या ठिकाणी नुक्ता स्पष्ट आहे, पुसट आहे की मुळातच नाही, एवढे पाहून कळवावे. त्या पानाचे छायाचित्र सोबत असल्यास उत्तम. दहरियांचा उल्लेख ज्या प्रतीत गाळलेला असेल ती प्रत आम्हास विशेष पाहावयाची आहे.